खुणेचे मासे

जामखेडहून खर्ड्याकडे जाताना वाटेत समुद्र लागत नाही, हे मला चौथीच्या भूगोलापासून माहीत होतं. आमच्या खात्याला मात्र त्याची कल्पना नसावी. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, जिल्ह्यात प्यायच्या पाण्याची मारामार चालली असताना, मी एसटीच्या टपावर समुद्रातलं जाळं बांधून त्या रस्त्याने निघालो होतो. कंडक्टरने विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "मासे मोजायचं जाळं." त्याने माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या करपलेल्या माळाकडे बघितलं आणि लगेजचं तिकीट फाडलं. सरकारी नोकराशी वाद घालायचा नाही, हे तोही शिकलेला होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेला, भिंगारला एका खोलीत भाड्याने राहणारा आणि स्वतःवर बेहद्द खूश असलेला. खात्याने मला नोकरी लागताच तीन महिने कोकणात खाडीच्या मुखाशी शिकायला धाडलं होतं. तिथे शास्त्रज्ञ मासे कसे मोजतात, ते मी पाहिलं. बोटीच्या मागे ट्रॉल बांधतात. ट्रॉल म्हणजे तोंड उघडं आणि शेपटीला बंद असं भलंमोठं पिशवीचं जाळं. त्याच्या तोंडाशी दोन जड फळ्या असतात, त्या पाण्याच्या जोराने बाजूला फाकतात आणि पिशवी उघडी राहते. ठरलेल्या रेषेवर, ठरलेल्या वेगाने अर्धा तास ओढायचं, वर घ्यायचं, मासे जातवार वेगळे करायचे, लांबी मोजायची, वजन करायचं, जगतील ते परत सोडायचे. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. भुसाराचा व्यापारी पोत्यात सळई खुपसून मूठभर ज्वारी काढतो आणि अख्ख्या पोत्याचा भाव सांगतो, तसं हे. मला ते फार आवडलं होतं. पाण्याच्या पोटातलं न बघता सांगता येतं, याची मला नशा चढली होती.

मग मी नगरला परत आलो आणि खात्याच्या लक्षात आलं की, एक माणूस ट्रॉल शिकून आलाय आणि एक ट्रॉल कोठीत पडून आहे. दोघांचाही उपयोग झाला पाहिजे.

काम असं होतं. खर्ड्याच्या अलीकडे एका गावाचं जुनं तळं आटत आलं होतं. भिंतीच्या पायथ्याशी तेवढा एक डोह उरला होता, गावच्या वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत असेल, एवढा लांब. दुष्काळी काम म्हणून त्या तळ्यातला गाळ काढायचा, असा विचार चालला होता. चारपाचशे माणसांना हाताला काम मिळणार होतं, तेव्हा त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. प्रश्न डोहाचा होता. डोहात मासे बऱ्यापैकी असतील तर तेवढं पाणी राखायचं आणि गाळ बाकीच्या भागातला काढायचा. नसतील तर इंजिन लावून डोह उपसायचा आणि तळ सगळा मोकळा करायचा. मासे किती, ते मी सांगायचं. मोठे साहेब म्हणाले, "आकडा पाहिजे. बऱ्यापैकी, भरपूर, चिक्कार असलं काही नको."

तळ्यावर एक भोयाचं घर होतं. म्हातारा आणि त्याची विधवा सून. म्हाताऱ्याच्या चार पिढ्या त्या तळ्यात मासे धरत आल्या होत्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो भिंतीवर उकिडवा बसून जाळं सांधत होता. मी काम सांगितलं. त्याने जाळं खाली ठेवलं.

"सायेब, येक सांगू का? ह्यो डोह लई वर्सं झाली, कंदी आटला न्हाई. माज्या आज्याच्या वक्ताला बी न्हाई. पानी आटतं, गाव बोंबलतं, पन ह्यात बी ऱ्हातं. पाऊस आला की त्याच बियानं तळं भरतं. गाळ काडा, जरूर काडा. आमी बी पाटी उचलाय येऊ. पन बी तेवढं ठिवा."

"तेच बघायला आलोय, बाबा," मी म्हणालो. "मासे आहेत असं निघालं, तर डोह राहील."

"हायेत की! तुमी मोजा तर."

एवढ्या खात्रीने कोणी बोललं की मला तेव्हा राग यायचा. माणसाला नुसतं माहीत असून कसं चालेल? मोजायला नको?

दुसऱ्या दिवशी ट्रॉल पाण्यात उतरला. बोट नव्हती. शेजारच्या गुऱ्हाळाची काहील आणली. त्या साली उसाचा पत्ता नव्हता, म्हणून काहील रिकामीच पडली होती. गुळाच्या वासाच्या त्या कढईत बसून मी डोहात तरंगत होतो आणि दोन्ही काठांवरून सहा-सहा माणसं दोर ओढत होती. काहील जागच्या जागी गिरक्या घ्यायची. त्यामुळे अर्धा वेळ माझं तोंड भलतीकडेच असायचं. जड फळ्या पहिल्याच खेपेला चिखलात अशा रुतल्या की दहा माणसांनी उपटून काढल्या. त्या मग काठावर टाकल्या आणि भाकरी खायला त्यांच्यावर बसलो. पिशवीत निघाला मणभर चिखल, बाभळीची फांदी, एक फुटकी घागर आणि सतरा मासे. फांदीने पिशवी टराटरा फाटली ती वेगळीच.

पिशवी भिंगारला नेली. माझे घरमालक लष्कराचे तंबू शिवायचे. दाढीवरून हात फिरवत चाचांनी ते जाळं उलटंसुलटं पाहिलं आणि खाली किंतानाचं अस्तर लावून दिलं. "हे कशाला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मासे मोजायला. "बेटा, तळ्यावर कोणी कोळी न्हाई का? त्याला इचारायचं की." मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बराबर हाय," आणि शिलाई घ्यायला नकार दिला. माझी कीव आली असावी.

रात्री पुस्तक काढून बसलो आणि मला दुसरी पद्धत सापडली. ती माझीच कल्पना. तिचं खापर मी कोणावर फोडू शकत नाही. समजा, आज शंभर मासे धरले, त्यांच्यावर खूण केली आणि सोडून दिले. काही दिवसांनी ते बाकीच्यांत मिसळले की पुन्हा शंभर धरायचे. त्यात खुणेचे दहाच निघाले, म्हणजे दहातला एक. तर तळ्यात हजार मासे असणार. खुणेचे जितके कमी सापडतील तितकं तळं माशांनी भरलेलं. आणि जवळजवळ सगळेच खुणेचे सापडले, तर समजायचं की तळ्यात तुमच्या खुणेवाल्यांपलीकडे फारसं कोणी नाहीच. हिशेब सोपा, चोख. यात भरतीही लागत नाही आणि फळ्याही लागत नाहीत.

पुढच्या खेपेला दोन दिवस खपून एकशेवीस मासे धरले. रोहू, मरळ, शिंगटे, सगळे वीतभर किंवा जरा मोठे. प्रत्येकाचा पोटाखालचा डावा पर, म्हणजे पोहायचा पंख, कात्रीने कापायचा आणि सोडून द्यायचं. म्हातारा मासा धरायचा, मी कापायचो, सून सोडून यायची. ती पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून हसत होती. धरलेला मासा परत सोडणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता आणि तोही दुष्काळात.

"मामंजी, ह्ये काय करत्यात?" तिने हळूच विचारलं.

म्हातारा म्हणाला, "खून करत्यात. धनगर मेंढराच्या कानाला चिरा देत्यात ना, तसं."

मला ती उपमा इतकी पसंत पडली की मी मान डोलावली. "अगदी बरोबर, बाबा!" म्हणालो. आयुष्यात काही वाक्यं परत घेता आली असती तर मी हे सगळ्यात आधी घेतलं असतं.

धनगराने मेंढराच्या कानाला चीर का दिलेली असते? ते मेंढरू कोणाचं, हे कळावं म्हणून. दुसऱ्याच्या कळपात गेलं, तर माणसं कान बघतात आणि ज्याचं त्याला नेऊन देतात. त्या भागात पोरासोरांना ठाऊक असलेली ही गोष्ट. प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात ती नव्हती.

तीन आठवड्यांनी पुन्हा धरायला गेलो. म्हातारा मोठ्या उत्साहात होता. दोर ओढायला माणसं आधीच उभी केलेली. मी काहिलीत बसेपर्यंत तो कमरेएवढ्या पाण्यात उतरून लांब काठीने पाणी बडवत होता. मला वाटलं, मासे जाळ्याकडे हाकतोय. मदत करतोय बिचारा. सून पलीकडच्या कोपऱ्यात डालगं घेऊन पाण्यात उभी दिसली. कोंबड्या झाकायचं डालगं घेऊन ही पाण्यात काय करतेय, असं मनात आलं खरं. पण तेवढ्यात काहिलीने गिरकी घेतली आणि माझ्यापुढे तळ्याची भिंत आली. "कुठून ओढू?" माणसांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, "ह्या कडंनं घ्या. हितनं सायबास्नी बरं पडंल."

पिशवी काठावर रिकामी केली. एकशे दहा मासे. एकेक उलटा करून पाहू लागलो. पर कापलेला. कापलेला. हाही कापलेला. शंभर मासे खुणेचे निघाले आणि दहा बिनखुणेचे.

मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. एवढं स्वच्छ उत्तर कुठल्या पुस्तकातही नसतं. तिथेच काठावर फळीवर बसून आकडेमोड केली. एकशेवीस गुणिले एकशे दहा, भागिले शंभर. एकशे बत्तीस. त्या डोहात एकशे बत्तीस मासे होते. मला जरा चुटपुट लागली, कारण म्हाताऱ्याचा डोह आता राहणार नव्हता. पण विज्ञानाला भावना नसतात वगैरे जे तेविसाव्या वर्षी वाटतं ते वाटून गेलं. मासे परत पाण्यात सोडले. म्हातारा माझ्याकडे टक लावून बघत होता.

"समदे घावले का?"

"शंभर सापडले."

"इसाचा अजून तपास हाय," तो म्हणाला. मला वाटलं, गंमत करतोय. "आता आमचं बी तेवढं नीट लिवा, सायेब."

"जे आहे तेच लिहिणार, बाबा."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि सुनेने मला गुळाचा चहा दिला. त्या चहात दूध नव्हतं. गुळाचा खडा मात्र मोठा होता.

अहवालाचा छापील तक्ता खाडीचा होता. त्यात भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, पाण्याचा खारेपणा असे रकाने होते. मी ते मोकळे ठेवले होते. साहेबांनी अहवाल परत पाठवला, "रकाने रिकामे सोडू नयेत." मग भरती निरंक, ओहोटी निरंक, खारेपणा निरंक असं लिहिलं. नौकेचा प्रकार या रकान्यात मी "काहील" लिहिलं होतं. ते खोडून साहेबांनी स्वतःच्या अक्षरात "धातूची, गोल" असं केलं. माशांच्या आकड्याला मात्र कोणी हात लावला नाही. उलट साहेबांनी मला बोलावून पाठ थोपटली. "एकशे बत्तीस म्हणजे एकशे बत्तीस. तीस नाही की पस्तीस नाही. याला म्हणतात पाहणी!"

पंधरा दिवसांत डोहावर डिझेलचं इंजिन बसलं. खात्याचा माणूस हजर हवा म्हणून मलाच पाठवलं.

मी पोचलो तोवर अडीच दिवस उपसा झाला होता. पाणी गुडघाभर उरलं होतं आणि ते हलत होतं. वारा नव्हता. पाणी आतून हलत होतं. भाताला आधण यावं तसं ते सगळीकडून खदखदत होतं. जसजसं पाणी उतरत गेलं, तसतशी माशांची पाठ दिसायला लागली. पाठीला पाठ लागून. हातभर लांबीचे रोहू, मनगटाएवढे मरळ, चिखलात घुसणारे वाम, काळ्या मिशांचे शिंगटे. मी भिंतीवर उभा राहून बघत होतो. एकशे बत्तीस तर माझ्या डोळ्यासमोरच्या एका खड्ड्यात होते.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. आसपासच्या तीन गावांची माणसं पाट्या, घागरी, धोतरं, लुगडी घेऊन चिखलात उतरली. कैक महिने रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीवर काढलेली माणसं होती ती. त्यांना कोण नाही म्हणणार? हसत होती, पडत होती, एकमेकांच्या अंगावर चिखल उडवत होती. इतका आनंद त्या साली मी कुठे पाहिला नाही आणि तो बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

म्हातारा आणि त्याची सून मात्र धरत नव्हती. ती दोघं चिखलातून वर येणाऱ्या वाटेवर उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाची पाटी थांबवायची, मासे उलटे करून पाहायचे, एखादा काढून बाजूला ठेवायचा आणि त्याच्या बदल्यात सकाळी स्वतः धरलेला तेवढाच मासा पाटीत टाकायचा. लोक कुरकुरत, पण देत. म्हातारा प्रत्येकाला तेच सांगत होता, "सायबाच्या खुनेचा हाय त्यो. आपला न्हवं."

दुपार कलली तेव्हा दोघं माझ्याकडे आली. दोन डालगी मासे माझ्यापुढे ठेवले. सगळ्यांचा डावा पर कापलेला.

"एकशे चार हायेत," म्हातारा म्हणाला. "सोळा न्हाई घावले. लोकांच्या घाईत गेले आसतील. लई बघितलं. माफी करा."

"बाबा," मी म्हणालो. "मागच्या वेळी... जाळ्यात ते शंभर... ते कसे आले?"

"कसे म्हंजी? तुमचे हुते, तुमाला दिले. रोज आमच्या जाळ्यात यायचे. खून दिसली की सून बाजूला काडायची. त्या कोपऱ्यात पान्यात काट्याचं कुंपान केल्तं, त्यात ठिवायचो, जित्ते. खाल्ला न्हाई येक बी. हिला इचारा. घरात दोन दिस पीठ न्हवतं, तवा बी न्हाई." सून जमिनीकडे बघत उभी होती. "तुमी आला त्या दिशी मी काठीनं बाकीचं जित्राब हाकललं, म्हटलं तुमच्यात आमचं मिसळाय नको, पुना निवडायचा ताप. आन् हिनं डालग्यानं तुमचे सोडले जाळ्याच्या तोंडाला. धा आमचे आलेच त्यात चुकून."

माझ्या पद्धतीत मासा चुकवण्याची सोय होती, चोरण्याची सोय होती, मरण्याचीसुद्धा सोय होती. कोणी इमानाने परत आणून देईल, याची सोय नव्हती. आणि मी स्वतःच मान डोलावून म्हणालो होतो, अगदी बरोबर, बाबा.

मला लाज वाटली. नंतर कधी तरी वाटली असं नाही, तिथेच, त्या माणसाच्या डोळ्यासमोर वाटली आणि ती त्याला दिसलीही असावी, कारण त्याने विषय बदलल्यासारखं विचारलं, "मग किती लिवले तुमी?"

खोटं सांगायचं मनात आलं. पण खोटं सांगायला निदान एक बरा आकडा सुचायला हवा. मला तोही सुचला नाही.

"एकशे बत्तीस."

म्हातारा शाळेत गेलेला नव्हता. खाली माणसं अजून पाट्या भरत होती. त्याने तिकडे एकदा बघितलं, मग माझ्या डालग्यांकडे बघितलं आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला.

"एकशेवीस तुमचे," तो म्हणाला. "म्हंजी आमचे बाराच व्हय?"

मी डालगी परत त्याच्याकडे सरकवली. त्याने घेतली नाहीत. पायाने हलकेच पुन्हा माझ्या बाजूला सारली. सून म्हणाली, "मामंजी, चला, पाट्या वाटाय लागलेत." गाळाच्या कामावर नावं लागत होती आणि उशीर केला तर खाडा पडला असता. पण तो जागचा हलेना.

"आधी मोजून घ्या, सायेब," तो म्हणाला. "मागनं बोल नको."

मी चिखलात उकिडवा बसलो आणि एकेक मासा उचलून मोजला. एकशे चारच होते.